केल्सन विरुद्ध केल्सन

कायद्याचे तत्त्वज्ञ हान्स केल्सन यांच्या 'शुद्ध कायदासिद्धांत' या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९६० मध्ये आली, तेव्हा ते ऐंशीला टेकले होते. तिथे कायदेशास्त्रज्ञ हुकूम सोडत नाही, फक्त वर्णन करतो. पण वर्णनात विसंगती चालत नाही. म्हणून परस्परविरोधी दोन नियम एकाच वेळी वैध असू शकत नाहीत. शास्त्राच्या हाती हा चांगलाच अधिकार झाला!

१९७९ मध्ये, मरणोत्तर आलेल्या ग्रंथात मात्र सूर पालटतो. नियम म्हणजे कुणाच्या तरी इच्छेचा अर्थ. त्याला तर्कशास्त्र लागू नाही. दोन्ही नियम वैध राहतात, एखादा रद्द करायचा तर नियम करणाऱ्या सत्तेनेच करावा. अभ्यासकाने विरोध नोंदवून थांबायचं. बाकी सगळ्या कायद्याची वैधता ज्यावर टेकते तो मूळ नियमही आता गृहीतक नाही, निव्वळ कल्पित. मला हे उत्तरकाळातले केल्सन जास्त प्रामाणिक वाटतात. वकिलांना अर्थात पहिलेच सोयीचे.