चार लाखांत घरची जुनी गाडी: वॅगन-आर, डिझायर की अमेझ?

दाजींचा फोन आला तो थेट आकड्यावरच. "चार लाख जमलेत. कुठली घेऊ?"

बहीण साताऱ्यात, आम्ही चिपळूणला. दाजींची नोकरी शिरवळच्या कारखान्यात, जायला-यायला कंपनीची बस. म्हणजे रोजच्या धावपळीला गाडी नको आहे. गाडी हवी आहे ती पाच माणसांसाठी: दाजी, ताई, दोन मुलं आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या दाजींच्या आई. महिन्यातून एकदा पुणे, अधूनमधून दवाखाना, आणि वर्षातून चार-पाच वेळा कुंभार्ली घाट उतरून माहेर. गणपतीला येताना सगळ्यांच्या बॅगा, मे महिन्यात परत जाताना आंब्याच्या पेट्या. महिन्याला सरासरी पाचशे किलोमीटर धरा.

मी त्यांना आधी एवढंच म्हटलं, की चार लाख असतील तर गाडी साडेतीनचीच बघायची. जुनी गाडी घेतल्या दिवसापासून खायला मागते. चार टायर घातले तरी सोळा-अठरा हजार, क्लच प्लेट निघाली तर दहाच्या आसपास, वर बॅटरी, विमा, नावावर करायचा खर्च. खिसा रिकामा करून गाडी आणली की पहिल्याच महिन्यात ती दारात उभी राहते, आणि मग घरातले सगळे घेणाऱ्याकडे बघतात.

मग नावं निघाली ती नेहमीचीच. वॅगन-आर, डिझायर आणि, दाजींनी विचार केला नव्हता पण मी पुढे केली ती, होंडाची अमेझ.

वॅगन-आरचा सगळ्यात मोठा गुण कुठल्याही जाहिरातीत नसतो. तिच्यात बसायला वाकावं लागत नाही. सीट उंच, दार उंच, म्हातारं माणूस खुर्चीवर टेकावं तसं टेकतं आणि पाय आत घेतं. गुडघेदुखीच्या घरात ही छोटी गोष्ट नाही. पण वॅगन-आर म्हणताना कुठली ते आधी ठरवा. जानेवारी २०१९ मध्ये नवा सांगाडा आला आणि डिकी ३४१ लिटरची झाली. त्याआधीच्या, २०१० पासूनच्या गाडीची डिकी १८० लिटर. दोन बॅगा आणि एक पिशवी, संपलं. एजंट दोन्हींना 'वॅगन-आर'च म्हणतो.

दाजींचा जीव अडकला होता सीएनजीत, आणि हिशेब त्यांच्या बाजूने होता. सीएनजी वॅगन-आर किलोला पंचवीस तरी देते. पाचशे किलोमीटरला वीस किलो, म्हणजे अठराशे-एकोणीसशे रुपये. डिझायर-अमेझसारखी पेट्रोल सेडान घरच्या वापरात लिटरला चौदा धरली तर छत्तीस लिटर, म्हणजे पावणेचार हजारांच्या आसपास. वर्षाला बावीस-तेवीस हजार वाचतात. छान. आता डिकी उघडा. आत टाकी. ती ३४१ लिटर जागा कागदावर राहिली आणि आंब्याच्या पेट्या मुलांच्या पायाशी आल्या. शिवाय एक लिटरचं इंजिन पेट्रोलवर ६८ अश्वशक्तीचं, सीएनजीवर ते साठीच्या खाली जातं. पाच माणसं, एसी चालू आणि कुंभार्लीचा चढ असला की दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यात जायची गाडीची इच्छाच नसते. घाट चढते, चढत नाही असं नाही. पण मागे ट्रकची रांग लागली की चालवणाऱ्याचा घाम निघतो.

माझा अंदाज असा: महिन्याला हजार किलोमीटरच्या वर पळणार असाल आणि सामान थोडं असेल, तर सीएनजीला तोड नाही. पाचशेत मात्र वाचणाऱ्या दोन हजारांसाठी डिकी गमावणं मला पटत नाही. त्यातूनही घ्यायचीच असेल तर कंपनीची सीएनजी घ्या. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, चढवलेलं नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे ती दाब सहन करते का याची तपासणी, दर तीन वर्षांनी लागते, तिचं सर्टिफिकेट मागा.

डिझायरबद्दल फार सांगायला नको, ती सगळ्यांना माहीत आहे, आणि हाच तिचा घोळ आहे. सगळ्यांना हवी असते म्हणून भाव चढा राहतो. साडेतीन लाखांत आम्हाला ज्या डिझायर दिसल्या त्या बहुतेक २०१४ ते २०१६ च्या, म्हणजे आधीच्या बांधणीच्या. मे २०१७ मध्ये आलेल्या नव्या डिझायरला ३७८ लिटरची डिकी आणि सगळ्या मॉडेलांत दोन एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) आहे. ती या पैशात मिळत नाही. मिळाली तर का मिळते आहे ते शोधा. जुन्या डिझायरची डिकी ३१६ लिटर, म्हणजे नव्या वॅगन-आरपेक्षाही कमी! नाव सेडान, शेपूट कापलेलं. मागे आईंना बसायला सीटही खाली आहे. मात्र १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन चिवट, स्पेअर तालुक्याच्या दुकानात मिळतात, आणि कोयनानगरला बंद पडली तरी तिथला मिस्त्री घाबरत नाही. विकताना पैसे येतात. हे गुण खरे आहेत, त्यांची किंमत आधीच तुमच्याकडून घेतलेली असते एवढंच.

डिझायर बघताना आणखी एक शंका मनात ठेवा. हीच गाडी टॅक्सीसाठी 'टूर' नावाने ढिगाने विकली गेली. पिवळ्या पाटीची पांढरी झालेली गाडी तीन लाख किलोमीटर पळून मीटरवर ऐंशी हजार दाखवू शकते. आरसीवरचं मॉडेलचं नाव वाचा. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कडा, ड्रायव्हर सीटची दबलेली डावी-उजवी बाजू बघा. मीटर मागे फिरवता येतं, रबर नाही. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलात तर तिथल्या नोंदींत किती किलोमीटरला कधी आली होती ते बऱ्याचदा कळतं. मीटर फिरवलेली गाडी इथेच उघडी पडते.

आता अमेझ. एप्रिल २०१३ मध्ये आलेली पहिली अमेझ, त्यातही मार्च २०१६ नंतरची, जिचा डॅशबोर्ड बदलला. डिकी ४०० लिटर. मागे पाय ठेवायला भरपूर जागा. पेट्रोल इंजिन ८८ अश्वशक्तीचं, शांत, आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेलं असेल तर वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. तरीही बाजारात तिला डिझायरएवढी मागणी नाही, म्हणून त्याच साडेतीन लाखांत डिझायरपेक्षा वर्ष-दोन वर्षं नवी आणि कमी पळालेली गाडी हाती लागते. विकणाऱ्याचं नुकसान, पण आपण घेणारे आहोत.

तिचेही तोटे आहेत. होंडाचं सर्व्हिस सेंटर गावोगाव नाही, स्पेअर मारुतीपेक्षा महाग, पाच वर्षांनी विकताना आपल्यालाही तोच फटका बसणार. गाडी खाली बसते, आईंना उठताना आधार लागेल. डिझेल अमेझ अ‍ॅव्हरेज भरपूर देते, पण आवाज असा की पुढच्या सीटवर गप्पा वाढवाव्या लागतात. आणि रिकॉल: फ्युएल पंपासाठी २०१७-१८ मध्ये बनलेल्या काही गाड्या होंडाने परत बोलावल्या आहेत. काम फुकट होतं. चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून ते झालंय का बघा. झालं नसेल तर नाराज होऊ नका, तेवढं धरून भाव करा.

दाजींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तक्ता असा:

| | वॅगन-आर १.० (२०१९ नंतर) | डिझायर पेट्रोल (२०१२–१७) | अमेझ पेट्रोल (२०१३–१८) |
|---|---|---|---|
| डिकी | ३४१ लिटर, सीएनजीत जवळजवळ नाही | ३१६ लिटर | ४०० लिटर |
| आईंना बसायला | उत्तम | बेताचं | बेताचं, पण पाय मोकळे |
| पाच जण घेऊन घाट | दमते | ठीक | आरामात |
| दुरुस्ती | स्वस्त, कुठेही | स्वस्त, कुठेही | थोडी महाग, शहरात |
| विकताना | चांगले पैसे | सगळ्यात चांगले | कमी |

सुरक्षिततेची ओळ मी तक्त्यात घातली नाही, कारण ती एका शब्दात मावत नाही. गाड्या आपटून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने २०१९ मध्ये वॅगन-आरला पाचपैकी दोन तारे दिले. त्याच वर्षी अमेझला चार, पण ती २०१८ नंतरची दुसरी अमेझ, आपल्या बजेटातली नव्हे. २०१४ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्विफ्टला शून्य मिळाला होता, आणि जुनी डिझायर त्याच घराण्यातली. म्हणून जुन्या गाडीत मॉडेलच्या नावापेक्षा एअरबॅग किती आणि एबीएस आहे का, हे विचारा. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत ती नसूही शकते, आणि विकणारा ते स्वतःहून सांगत नाही.

बाकीच्या नावांचा निकाल लवकर लागला. टियागो मजबूत, २०२० च्या चाचणीत चार तारे, पण २४२ लिटरच्या डिकीत हे कुटुंब बसत नाही. इटिऑसची डिकी तिघींपेक्षाही मोठी आणि गाडी दणकट, पण २०२० मध्ये बंद झाली, आणि बाजारात टॅक्सीतून आलेल्या इतक्या, की घरगुती वापरलेली शोधायला चिकाटी लागते. मिळाली तर मी अमेझच्या आधी ती घेईन. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातून गाशा गुंडाळायचं जाहीर केलं, त्यामुळे अस्पायर मातीमोल भावात दिसते. ज्याच्या ओळखीचा मिस्त्री आहे त्याने घ्यावी, दाजींचा नाही. डिझेलचा विचार महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या खाली करूच नये. इंजेक्टर आणि टर्बोचं एक बिल दोन वर्षांची बचत गिळतं.

दिल्ली पासिंगच्या गाड्यांचं एक वेगळंच प्रकरण आहे. तिथे दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाच्या आदेशाने निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. स्वस्त दिसतात, पण महाराष्ट्रात नोंद करताना रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, तरी वाचलेले पैसे तिथे जातात, शिवाय आरटीओच्या एनओसीसाठीच्या खेपा.

आणि आता जी गोष्ट चिपळूणकराशिवाय कोणी इतक्या पोटतिडकीने सांगणार नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या आळीतल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. पुढच्या काही महिन्यांत त्या एकेक करून नाहीशा झाल्या. सगळ्या भंगारात गेल्या असं मला वाटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीतही तेच झालं. धुऊन, सीट कव्हर बदलून, आत सुगंधी बाटली लावून अशा गाड्या दुसऱ्या जिल्ह्यात उभ्या राहतात. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या भागावर चिखलाची रेघ राहिलेली असते. सीटच्या खालचे रूळ गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, हेडलाइटच्या आत ओल धरली आहे का, ते पाहा. वास फारच छान येत असेल तर मॅट उचला.

कागदांचं थोडक्यात. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायला फॉर्म ३५. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करा, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही हे भाव ठरवताना धरा. ई-चलन थकलंय का ते गाडी नंबरवरून दिसतं. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली हवी. एक मुद्दा भाव करायला उपयोगी: २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विकणारा अजून जुन्या भावाच्या हवेत असेल तर नव्या गाडीचं कोटेशन खिशात घेऊन जा.

तर, दाजींना मी अमेझ सांगितली. आईंच्या गुडघ्यांमुळे ताई अजून वॅगन-आरवर अडून आहे, आणि तिचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पेट्रोलची, २०१९ ची, डिकी रिकामी असलेली वॅगन-आर साडेतीन-पावणेचारात मिळाली तर मीही वाद घालणार नाही. घाटात जरा हळू यायचं.

सध्या साताऱ्यातच एक अमेझ नजरेत आहे. २०१६ ची, पेट्रोल, एकाच मालकाची, बासष्ट हजार पळालेली. रविवारी सकाळी आठला बघायला जायचंय, आईंनाही सोबत नेणार आहोत, मागच्या सीटवर चार वेळा बसवून-उठवून बघायला. मालकांना दाजींनी एकच विनंती केली आहे, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्या चावीला कसं उठतं ते ऐकायचंय. ते "बरं" म्हणाले. आम्ही साडेसातलाच पोचणार आहोत, बोनेटला हात लावून बघायला.