साबेटा की हॅमरफेस्ट? आर्क्टिकचा वायू हिशेबात धरताना

आर्क्टिकच्या साठ्यांचा विषय निघाला की अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे 2008 चे आकडे पुढे येतातच. अजून न सापडलेलं 90 अब्ज बॅरल तेल आणि 1,669 लाख कोटी घनफूट वायू, म्हणजे जगातल्या न सापडलेल्या तेलाचा अंदाजे 13 टक्के आणि वायूचा 30 टक्के वाटा. मात्र हे आकडे काढताना खर्च धरलेला नव्हता, आणि त्यातला बहुतेक साठा समुद्राखाली आहे. शेल या तेल कंपनीने अलास्कालगतच्या चुकची समुद्रात सुमारे 7 अब्ज डॉलर ओतले आणि विहिरीत पुरेसं काही लागलं नाही म्हणून 2015 साली गाशा गुंडाळला. तेव्हा पुढच्या वीस वर्षांच्या पुरवठ्याचा अंदाज बांधायचा असेल किंवा या विषयावर प्रबंध करायचा असेल, तर आज खरोखर जहाजं भरणारं ठिकाण आधाराला घ्यावं. इथे अशी दोन ठिकाणं तोलून पाहू: रशियाचं यमाल एलएनजी (एलएनजी म्हणजे अतिथंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू), ज्याचं बंदर साबेटा, आणि नॉर्वेचं स्नोव्हिट, ज्याचा कारखाना हॅमरफेस्टजवळच्या मेल्कोया बेटावर आहे.

आकाराचा मुद्दा लवकर संपतो. यमालच्या चार ट्रेन, म्हणजे वायू द्रव करणाऱ्या यंत्रांच्या रांगा, मिळून कागदावरची क्षमता वर्षाला 1.74 कोटी टन, आणि प्रत्यक्षात उत्पादन 2 कोटींच्या आसपास जातं. थंड हवा दाट असते, त्यामुळे गॅस टर्बाइन जास्त शक्ती देतात आणि वायू उणे 162 अंशांपर्यंत नेण्याचं कामही हलकं होतं. जगाचा एलएनजी व्यापार वर्षाला 40 कोटी टनांच्या घरात आहे. त्यात यमालचा वाटा साधारण 5 टक्के, तर हॅमरफेस्टचा, 43 लाख टनांच्या एकाच ट्रेनच्या जोरावर, जेमतेम 1 टक्का.

तरीही माझं मत नॉर्वेकडे फिरलं ते समुद्रापाशी. दोन्ही ठिकाणं जवळपास एकाच अक्षांशावर, 71 अंशांच्या आगेमागे आहेत. पण अटलांटिकचा उबदार प्रवाह हॅमरफेस्टपर्यंत पोचतो, म्हणून तिथे बारा महिने साधा टँकर धक्क्याला लागतो. साबेटा ओब आखातात आहे. तिथलं पाणी उथळ आणि नदीमुळे गोडसर, म्हणून ते लवकर गोठतं. जहाजांसाठी खोदलेला मार्ग आइसब्रेकर फोडत राहतात, पण फुटलेले तुकडे पुन्हा गोठतात. प्रत्येक फेरीनंतर चुऱ्याचा थर वाढतो आणि नेहमीच्या वाटेवरचाच बर्फ आजूबाजूच्यापेक्षा जाड होतो. म्हणून आर्क-7 वर्गाचे, म्हणजे जाड बर्फातून स्वतः वाट काढणारे, 15 खास टँकर बांधावे लागले. त्यांचे प्रोपेलर फिरत्या पॉडवर बसवलेले आहेत. जाड बर्फ आला की जहाज उलटं वळून मागच्या बाजूने चालतं आणि सुमारे 2.1 मीटर बर्फ फोडतं. एकेकाची किंमत साधारण 32 कोटी डॉलर.

इतकं करूनही बेरिंग सामुद्रधुनीच्या बाजूचा, आशियाकडचा पूर्व मार्ग साधारण जुलै ते नोव्हेंबर एवढाच भरवशाचा. उरलेल्या महिन्यांत माल पश्चिमेला न्यायचा, तिथे साध्या टँकरमध्ये काढायचा आणि तो लांबच्या वाटेने आशियात पाठवायचा. महागडा आर्क-7 मोकळ्या समुद्रात अडकून पडू नये म्हणून ही अदलाबदल. मार्च 2025 पासून युरोपीय संघाने आपल्या बंदरांतली ही अदलाबदल बंद केली, तेव्हापासून फेऱ्या लांबल्या आणि तितक्याच जहाजांत कमी माल हलू लागला. दाभोळचं टर्मिनल लाटरोधक भिंतीअभावी कित्येक वर्षं पावसाळ्यात बंद राहायचं, हे ज्यांना आठवतं त्यांना मोसमी बंदराचं दुखणं वेगळं सांगायला नको.

विशेष म्हणजे यमालच्या ताफ्यातल्या पहिल्या जहाजाने, ख्रिस्तोफ द मार्जरीने, रशियाच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या मार्गावरची आपली पहिली व्यापारी फेरी 2017 च्या उन्हाळ्यात केली ती हॅमरफेस्टचाच वायू घेऊन. आइसब्रेकरच्या सोबतीशिवाय ते 19 दिवसांत दक्षिण कोरियाला पोचलं. ती वेळ ऑगस्टमधली आहे. वर्षभराचं गणित तिच्यावर बसवू नये.

हॅमरफेस्टही निर्धोक नाही. ट्रेन एकच असल्याने एक यंत्र बिघडलं की सगळं ठप्प. सप्टेंबर 2020 मध्ये एका टर्बाइनच्या हवा घेण्याच्या तोंडाशी आग लागली. तिथे बर्फ धरू नये म्हणून हवा तापवतात. ती प्रमाणाबाहेर तापल्याने फिल्टरने आपोआप पेट घेतला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. विझवायला समुद्राचं पाणी वापरलं, त्याने केबल आणि इतर यंत्रणा खराब झाली आणि कारखाना जून 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला. एरवी मांडणी साधी आहे. समुद्रावर वायू काढायचा एकही प्लॅटफॉर्म नाही, विहिरींची तोंडं तळाशी आणि 143 किलोमीटरची पाइपलाइन थेट किनाऱ्यावर. पाइपात वायू आणि पाणी मिळून बर्फासारखे खडे धरतात म्हणून ग्लायकॉल सोडतात. वायूतला 5 ते 8 टक्के कार्बन डायऑक्साइड वेगळा करून पुन्हा समुद्राखाली पुरतात. 2008 साली निवडलेल्या पहिल्या थरात दाब भराभर चढला, म्हणून 2011 मध्ये दुसरा थर घ्यावा लागला.

करारांकडे पाहिलं तर पारडं आणखी थोडं नॉर्वेकडे झुकतं. गेल या भारताच्या सरकारी वायू कंपनीने रशियाच्या गॅझप्रॉमच्या सिंगापूर शाखेशी वर्षाला सुमारे 25 लाख टनांचा वीस वर्षांचा करार केला होता, आणि त्यामागे यमालचा वायू होता. ती शाखा जर्मनीच्या ताब्यात गेली, रशियाने उलट निर्बंध लावले आणि मे 2022 पासून कार्गो थांबले. जानेवारी 2025 मध्ये 28.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. विहिरी, ट्रेन, जहाजं तेव्हा सगळं चालू होतं.

साठा आणि विहिरीपाशी पडणारा भाव एवढंच पाहणाऱ्याला यमाल योग्य वाटेल, आणि ते चूक म्हणता येणार नाही. फक्त तिथे वर्षाची सरासरी धरू नका. डिसेंबर ते जूनचं कोष्टक वेगळं मांडा, त्यात आर्क-7 च्या एका फेरीला लागणारे दिवस आणि अदलाबदलीची जागा लिहा, आणि मगच दर टनाचा भाव काढा. हॅमरफेस्ट घेतलंत तर एका ट्रेनच्या लांब बंदची तरतूद ठेवा आणि विहिरींचा दाब उतरत असल्याने किनाऱ्यावर बसवायच्या कॉम्प्रेसरचं काम 2028 पर्यंत होतं का, यावर नजर असू द्या.