लेव्हलिंग किट, मोठे टायर आणि माझे साडेशहाऐंशी हजार

आमची बाग लांज्यापासून बरीच आत आहे. शेवटचे तीन किलोमीटर जांभ्याची चढण, आणि पावसाच्या पाण्याने तिच्यात पाडलेले गुडघाभर चर. त्या रस्त्यासाठीच २०२१ मध्ये मी इसुझूची व्ही-क्रॉस घेतली, २०१७ची, जुनी. गाडी उत्तम आहे. एकच गोष्ट खटकायची, ती पुढून खाली दिसायची. पिकअपच्या मागच्या पाट्यांवर ओझं येणार असतं, म्हणून मागची बाजू मुळातच थोडी उंच ठेवलेली असते. रिकामी गाडी बाजूने पाहिली की नाक खाली घालून उभी असल्यासारखी वाटते. चरातून वर येताना पुढचा बंपर दगडाला लागायचा, म्हणजे नुसत्या दिसण्याचाही प्रश्न नव्हता.

मोबाईलवर व्हिडिओ बघता बघता पुण्यातलं एक दुकान सापडलं. फोनवर बोलणं झालं. पुढची बाजू दोन इंच उचलून मागच्या बाजूशी जुळवणारं परदेशी लेव्हलिंग किट, त्यात वरचे नवे आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे), चार मोठे ऑल-टेरेन टायर, कॉम्प्युटरवर अलाइनमेंट, सगळं एका दिवसात. टायर ६२,०००, किट २८,०००, मजुरी आणि अलाइनमेंट ४,५००. माझे जुने चार टायर ते ८,००० ला घेणार. म्हणजे ८६,५००. "पक्कं बिल केलं तर टायरवरच २८ टक्के जीएसटी वर चढेल, दादा. कशाला?" मी मनात हिशेब केला, सतरा हजार वाचतायत. हो म्हणालो. पुढची सगळी फजिती त्या एका 'हो'मधून सुरू झाली.

नोव्हेंबर २०२२. पहाटे पाचला घर सोडलं, आंबा घाट चढून कोल्हापूर, तिथून हायवे. दुपारी साडेबाराच्या सुमारास दुकानात पोचलो. मालक बोलायला फार गोड. काउंटरवर त्याने किटचा खोका उघडून दाखवला. आत लाल पावडर कोटिंग केलेले दोन आर्म, स्पेसर म्हणजे उचल देणाऱ्या जाड चकत्या, नटबोल्टच्या पुड्या, सगळं नवंकोरं. मी हातात घेऊन बघितलं. मग म्हणाला, "लांबून आलात, वर एसीत बसा. चहा सांगतो, जेवणही मागवू. पोरं करतात सगळं." मी वर गेलो आणि संध्याकाळी सहाला खाली आलो. मधल्या साडेपाच तासांत एकदाही गाडीकडे फिरकलो नाही.

खाली आलो तर गाडी ओळखू येईना, इतकी देखणी झाली होती. टायरवर काळी चकाकी, बाहेरच्या बाजूला उठावदार पांढरी अक्षरं. दोन इंचांपेक्षा जरा जास्तच उचलल्यासारखी वाटली, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडलं. २०,००० यूपीआयने दिले, बाकीचे त्याच्या सांगण्यावरून रोख. हातात आला एक छापील कागद, वर 'अंदाजपत्रक' लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही. सोबत अलाइनमेंटची पट्टी. घडी घालून दोन्ही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले.

पहिल्या आठवड्यातच स्टिअरिंग बदललं होतं. सरळ रस्त्यावर गाडी आपोआप थोडी डावी-उजवी भटकायची, हात सतत चाकावर घट्ट ठेवावा लागायचा. पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासायचा. मालकाला फोन केला तर म्हणाला, मोठ्या टायरला एवढं चालतंच, सवय होईल. खताची चार पोती मागे टाकली की मागची बाजू बसायची, पुढची उंचच राहायची, आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत. घाटात समोरून येणारे एसटीचे ड्रायव्हर एकामागून एक डिपर मारायचे. पुढची बाजू उचलली की हेडलाइट खाली सेट करावे लागतात, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. ज्याने पैसे घेतले त्याने तर नाहीच.

मार्चमध्ये आंबा घाटात मागचं चाक पंक्चर झालं. स्टेपनी काढली आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की टायर बदलले चार, स्टेपनी जुन्याच मापाची. माझे मूळ टायर २५५/६५ आर १७, नवे २६५/७० आर १७. उंचीत जवळजवळ चार सेंटीमीटरचा फरक. एका ॲक्सलवर दोन वेगळ्या उंचीची चाकं घेऊन लांब पळवणं म्हणजे डिफरेन्शियलची वाट लावणं, आणि फोर-व्हील लावणं तर नाहीच. त्या मापामुळे स्पीडोमीटरही कमी दाखवत होता. काट्यावर ८० असताना गाडी ८४ ने पळते. पंक्चर काढून घेतलं, आंब्याचा हंगाम तोंडावर होता, विषय मागे पडला.

जुलै २०२३ मध्ये वळताना पुढून कट-कट आवाज यायला लागला, तेव्हा आमच्या ओळखीच्या मेस्त्रीकडे गेलो. म्हातारा माणूस, कमी बोलतो. गाडी रॅम्पवर घेतली. आधी त्याने पुढच्या रिमच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. बोट काळं, ग्रीसने भरलेलं. ॲक्सलचा रबरी बूट, म्हणजे सांध्यावरचं आवरण, फाटला होता, सगळं ग्रीस बाहेर उडालं होतं आणि सांध्यात चिखल-पाणी गेलं होतं. मग त्याने वरच्या आर्मकडे बॅटरी धरली. लाल नव्हतेच ते. कंपनीचेच जुने काळे आर्म, वर्षांचा चिखल बसलेला, नटावर कंपनीने मारलेली रंगाची खूण जशीच्या तशी. मेस्त्री म्हणाला, "दादा, ह्या नटाला पाना लागलेलाच नाय."

स्पेसर काढला. फडक्याने पुसल्यावर गंजाखाली लेथच्या सुरीच्या गोल रेषा स्पष्ट दिसल्या. साधं लोखंड, कुठल्यातरी लेथवर काढलेलं, रंग मारून बसवलेलं. व्हर्नियर लावला तर जाडी ३५ मिलिमीटर. मग त्याने मला खाली वाकून दाखवलं. या गाडीत पुढची स्प्रिंग आणि शॉक खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकतो. त्यामुळे वर जेवढी चकती घालाल त्याच्या जवळजवळ दुप्पट चाकाशी उचल मिळते. म्हणजे दोन इंच सांगून त्यांनी पावणेतीन इंच उचलली होती. ॲक्सलचा कोन वाकडा, बॉल जॉइंट टोकाला गेलेला, बूट सतत ताणलेला. तो टिकणार कसा?

मग टायर. बाहेरून खाचा भरपूर दिसत होत्या, पण आतल्या कडेला हात घातला तर रबर गुळगुळीत. कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकाचा उभा झुकाव आणि समोरची दिशा, बिघडला की असंच आतून खातं. चाक उतरवून त्याने आतली बाजू उजेडात धरली आणि विचारलं, "हे वाचलं होतंस?" लंबगोल चौकटीत चार आकडे, १११७. म्हणजे २०१७ सालचा अकरावा आठवडा. 'नवा' म्हणून घेतला तेव्हाच तो टायर साडेपाच वर्षांचा होता. दुसराही १११७. उरलेले दोन ४२१६, त्यांतल्या एकाला आतून मोठा पॅच. ते विकत घेतलेले टायर कोणीतरी आधी वापरलेले होते. अनेक टायरांवर तारखेचे आकडे एकाच बाजूला असतात, दुसऱ्या बाजूला क्रमांक अर्धाच असतो. पांढरी अक्षरं बाहेर ठेवायच्या निमित्ताने तारीख आत गेली, आणि मी सात-आठ महिने रोज त्या अक्षरांकडे कौतुकाने बघत होतो.

त्या रात्री डॅशबोर्डमधला कागद काढला. अलाइनमेंटची पट्टी, आधीचे आकडे लाल, नंतरचे सगळे हिरवे. तारीख त्या दिवसाचीच. वेळ सकाळी १०:५२. मोबाईलमध्ये फास्टॅगचा मेसेज शोधला. खेड-शिवापूरचा टोल मी ओलांडला होता दुपारी १२:०७ ला. माझी गाडी दुकानात पोचायच्या दीड तास आधीच तिचं अलाइनमेंट झालं होतं! पट्टी दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीची होती. मी ती पाच-सहा वेळा वाचली. पैशांपेक्षा मला ती पट्टी जास्त लागली. गाडीत माझी बायको, माझी आई बसते. घाट उतरताना पुढची चाकं सरळ आहेत का, याची खात्री म्हणून तो कागद माझ्या हातात दिला होता.

फोनवर मालक आधी म्हणाला, पावसात असं होतं. मग म्हणाला, आर्म लावायला तुम्हीच नको म्हणालात. मग फोन उचलणं बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. दुकानाचं उत्तर आलं की या नंबरच्या गाडीची आमच्याकडे नोंद नाही. त्यांचं बरोबरच होतं, नोंद त्यांनी केलीच नव्हती. यूपीआयचे वीस हजारसुद्धा दुकानाच्या खात्यात गेले नव्हते, कुणा माणसाच्या नावावर गेले होते. वकिलांनी सांगितलं, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जायचं, पण रोख दिलेल्या रकमेचा पुरावा काय? माझ्याकडे काहीच नव्हतं. यूपीआयची नोंद, अलाइनमेंटची पट्टी, टोलचा मेसेज आणि टायरचे फोटो जोडून नोटीस पाठवली. वीस हजार परत आले, दोन हप्त्यांत. बाकीचे गेले. वर दोन्ही बूट, सांधा, बॉल जॉइंट आणि मूळ मापाचे चार टायर, हा खर्च वेगळा. या वेळी टायरचं पक्कं बिल घेतलं आणि प्रत्येक टायर रिमवर चढण्याआधी त्याचे आकडे स्वतः वाचले.

आणखी एक गोष्ट त्या मालकाने हसून उडवली होती, ती इथे सांगायलाच हवी. मी विचारलं होतं, आरटीओचं काय? "सगळे करतात, दादा." मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं आहे. न कळवता केलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनीही दावा नाकारू शकते. माझ्या विमा एजंटने हे मला नंतर सांगितलं. दुकान सोडून बाहेरच्या एका तरी माणसाला मी आधी विचारायला हवं होतं.

गाडी उचलणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमच्या मेस्त्रीनेही तसं म्हटलं नाही. उचल थोडी ठेवायची, आर्म खरोखर बदलायचे, अलाइनमेंट आपल्या डोळ्यांसमोर करायचं, दिवे खाली घ्यायचे, स्टेपनी त्याच मापाची घ्यायची, असं तो म्हणाला. पण काम चालू असताना गाडीच्या मालकाने रॅम्पपाशी उभं राहायचं, हे त्याने तीनदा सांगितलं. एसीत चहा पाजणारा माणूस वाईटच असतो असं नाही. तरी चहा खालीच मागवा. नवे सुटे भाग लावले असतील तर काढलेले जुने भाग परत मागा. मला जुने आर्म मागायचं सुचलं असतं, तर त्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं.

गेल्या महिन्यात भाच्याच्या मित्राचा फोन आला. पुण्यातच, दुकान वेगळं, गाडी बोलेरो. वर बसून चहा पीत होता. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता खाली उतर, टायर चढवू देऊ नको, आधी आतल्या बाजूचे चार आकडे वाच. दहा मिनिटांनी त्याचा परत फोन आला. आवाज बारीक झाला होता. "मामा, ३८१७ लिहिलंय." तो गाडी जुन्या टायरांवरच घेऊन बाहेर पडला. ॲडव्हान्सचे पाच हजार मात्र त्याला अजून परत मिळालेले नाहीत.