कदीम की जदीद? कझाक बापापुढचा पेच

इतिहास शिकणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "१९०७ साली तू कझाक बाप असतीस, तर मुलाला जुन्या ('कदीम') मक्तबमध्ये, म्हणजे मुस्लिम प्राथमिक शाळेत, घातलं असतंस की नव्या ('जदीद')?"

आधी खर्च बघू. जुना मुल्ला हिवाळी मुक्कामी औलातच (भटक्या कुटुंबांच्या वस्तीत) शिकवायचा आणि मोबदल्यात मेंढीही चालायची. नव्या पद्धतीला बाकं, फळा, छापील पुस्तकं लागत, म्हणजे गाठीला पैसा हवा.

वेळेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. जुन्या शाळेत अरबी अक्षरांची नावं घोकायची, मग कुराणाचा सातवा हिस्सा असलेलं 'हफ्तियक' अर्थ न कळता पाठ. वर्षं जायची, तरी अनेकांना साधं पत्र लिहिता येत नसे. क्रिमियन तातार सुधारक गॅस्प्रिन्स्कीने १८८४ मध्ये क्रिमियातल्या बख्चिसरायला सुरू केलेली नवी ध्वनिपद्धती थेट उच्चारापासून शिकवी. वर गणित, भूगोल. चाळीस दिवसांत वाचन येतं, हा दावा जाहिरात म्हणून सोडून देऊ. तरी ती वेगवान होतीच.

सरकारी जाच? रशियन साम्राज्याच्या १८६८ च्या नियमांनी व्होलोस्तला (अनेक औलांच्या प्रशासकीय विभागाला) एकच अधिकृत मुल्ला ठेवला होता. तरी औलातला साधा मुल्ला सहसा नजरेआड राहायचा. नव्या शाळांवर 'सर्व-तुर्की' (सगळ्या तुर्की भाषिकांना एकत्र आणण्याच्या) कारस्थानाचा संशय, त्यामुळे झडती आणि टाळं.

नमाज, पठण आणि भटकं जगणं एवढंच हवं, तर जुनी बरी. पोराने पुढे रशियातल्या उफा शहरातल्या नव्या पद्धतीच्या गालिया मदरशात जावं, वर्तमानपत्र वाचावं असं वाटत असेल, तर नवी. कारकुनी हवी असेल, तर दोन्ही सोडा आणि कझाक शिक्षणतज्ज्ञ अल्तिन्सारिनच्या रशियन-कझाक शाळेची वाट धरा.