तेल वरपर्यंत आहे म्हणून खूश झालो, तिथंच फसलो

आम्ही नारायणगावकडचे. टोमॅटो वाशीला न्यायला पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डातून 2021 ची पिकअप घेतली. बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांची), डिझेल, 5 लाख 80 हजार. यार्डवाल्यानं बॉनेट उघडून स्वतः इंजिन ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, ओढली, फडक्यानं पुसून परत घातली आणि माझ्यासमोर धरली. "बघा दादा, तेल वरच्या खुणेच्याही वर. इंजिन थेंबभर तेल खात नाही." आमची जुनी गाडी महिन्याला लिटरभर तेल प्यायची. तेल कमी आहे का, एवढंच बघायची आपल्याला सवय.

पहिल्याच खेपेला, वाशीहून परतताना माळशेजच्या चढाला इंजिनचा दिवा लागला आणि गाडीनं मान टाकली. मागं फक्त रिकामे क्रेट, तरी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना.

आळेफाट्याच्या मिस्त्रीनं आधी डिपस्टिकचा वास घेतला, मग माझ्या नाकाशी धरली. डिझेल! बीएस-6 ला सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असतो. साठलेली काजळी साधारण 600 अंशाला जाळायची म्हणून इंजिन जादा डिझेल मारतं. गाडी गल्लीबोळातच फिरली, जाळण चालू असतानाच चावी बंद झाली, की ते डिझेल सिलिंडरवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. म्हणून ऑइल खुणेच्या वर चढतं, पण पातळ होतं, टर्बो आणि बेअरिंग झिजतात. शिवाय काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही. आधीच्या मालकानं साधं स्वस्त ऑइल घातलेलं असणार. फिल्टर राखेनं चोंदलेला, म्हणून जाळण सारखंच चालू.

मग गाडी घेताना दिवा का लागला नव्हता? मिस्त्रीनं स्कॅनर लावला. बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर कोड नोंदवतो आणि दिवा लावतो; कोड पुसला की दिवा विझतो. कोड पुसल्यापासूनचं अंतर 366 किलोमीटर. ताबा घेताना मी रीडिंगचा फोटो काढला होता, त्यावरून माझं चालवणं 347. म्हणजे ताब्याच्या जेमतेम 19 किलोमीटर आधी कोणीतरी कोड पुसले होते.

यार्डवाला म्हणाला, "कागदावर 'जशी आहे तशी' लिहिलंय, सही तुमचीच." होतीच. फिल्टर, टर्बो धरून लाखाच्या वर गेलं.

डिझेल पिकअप घेताय तर इसार देण्याआधी स्कॅनरवाला सोबत न्या, कोड पुसल्यापासूनचं अंतर वाचायला लावा. तेल खुणेच्या वर दिसलं तर वास घ्या. आणि चावी फिरवल्यावर इंजिनचा दिवा क्षणभर लागायलाच हवा. लागलाच नाही तर बल्ब गेलाय किंवा काढलाय.