बेदाण्याचा लॉगर हार्डफॉल्ट देतोय: मेमकॉपी, पॅक्ड की सोळा बाइटची नोंद?

तासगावच्या बेदाणा कोल्ड स्टोरेजसाठी तापमानाचा लॉगर बनवताय, चिप एसटीएम३२जी०. कोड लॅपटॉपवर झकास चालतो आणि बोर्डवर पहिल्याच नोंदीला हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसर चूक दाखवून जागीच थांबतो. दहा बाइटच्या नोंदीत आधी १ बाइट सेन्सर क्रमांक, त्याला चिकटून ४ बाइट वेळ, असं असेल तर वेळेचा पत्ता चारच्या पटीत येत नाही. पॉइंटर कास्ट करून, म्हणजे त्या पत्त्यावर चार बाइटची संख्याच आहे असं कंपायलरला भासवून, तिथे चार बाइट एकदम लिहायला गेलात की या चिपमधला कॉर्टेक्स-एम०+ प्रोसेसर अडतो. लॅपटॉपचा इंटेल प्रोसेसर तेच मुकाट्याने करतो, म्हणून चाचणीत काही सापडत नाही.

आजच्या आज दुरुस्ती हवी तर मेमकॉपी, म्हणजे कोणत्याही पत्त्यावर बाइट जसेच्या तसे नकलणारं सी भाषेतलं तयार फंक्शन. एका ओळीचा बदल, नोंदीचा साचा तोच, जुना डेटा वाचता येतो. वेग थोडा कमी होतो, पण मिनिटाला एक नोंद करणाऱ्या यंत्राला त्याचं काय!

पॅक्ड स्ट्रक्चर, म्हणजे मधे रिकामी जागा न सोडता रचलेली नोंद, दिसायला सुटसुटीत, पण माझा त्याच्यावर भरवसा नाही. आतल्या वेळेचा पत्ता साध्या पॉइंटरने दुसऱ्या फंक्शनला दिला की कंपायलर ‘पॅक्ड’ विसरतो आणि तोच फॉल्ट परत. जीसीसी कंपायलरच्या ९व्या आवृत्तीपासून याची वॉर्निंग आपोआप येते. ती बंद करून टाकणारेही आहेत म्हणा.

खरी गोम पुढे आहे. वरचे दोन्ही उपाय फक्त रॅमपुरते. या चिपची फ्लॅश (लाइट गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी) एका वेळी ८ बाइटच घेते, तेही आठच्या पटीतल्या पत्त्यावर. पत्ता चुकला तर लिहिणं होत नाही, एरर फ्लॅग तेवढा लागतो. तो कोणी तपासला नाही तर नोंद गेलीच. शिवाय एकदा लिहिलेल्या आठ बाइटच्या घरात पेज (एकदम पुसला जाणारा फ्लॅशचा तुकडा) न पुसता नंतर भर घालता येत नाही. दहाच्या नोंदी बफरमध्ये साठवून आठ-आठ करून लिहिता येतं, पण लाइट गेली की बफरमधलं शेपूट गेलं.

म्हणून नवीन यंत्र असेल तर मी सरळ सोळा बाइटची नोंद घेईन: वेळ ४, तापमान २, आर्द्रता २, मग सेन्सर क्रमांक, चेकसम (नोंद धड आहे का ते पडताळायचा आकडा) आणि भरताड. मिनिटाला एक धरली तर दिवसाला १४,४०० ऐवजी २३,०४० बाइट लागतात, हे खरं. पण २ केबीच्या पेजमध्ये बरोबर १२८ नोंदी बसतात, एकही अर्धवट नाही. चेकसम दुसऱ्या आठांत असल्यामुळे मधेच लाइट गेली तर अर्धी नोंद वाचतानाच ओळखू येते.