सर्च कन्सोल: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

एसईओसाठी (साइट सर्चमध्ये वर यावी म्हणून करायच्या कामासाठी) कुठलं टूल विकत घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, गूगल सर्च कन्सोल नीट उघडून पाहिलंय का? आपली साइट गूगल सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं हे गूगलचंच टूल. फुकट आहे, 2015 पर्यंत वेबमास्टर टूल्स म्हणून ओळखलं जायचं, आणि बरेच जण ते जोडतात आणि विसरून जातात. मी सायकल दुरुस्तीवरच्या एका साइटसाठी ते बरेच महिने नियमित वापरतोय.

त्याआधी भिस्त लेख तपासणाऱ्या एका प्लगइनवर होती. ठरलेला कीवर्ड (लोक सर्चमध्ये टाकतील असा शब्द) ठरावीक वेळा आला की दिवा हिरवा. दिवे हिरवे, पण सर्चमध्ये पानाचा पत्ताच नाही, असे कितीतरी लेख साचले होते. सर्च कन्सोलच्या पेजेस रिपोर्टमध्ये उलगडा झाला: ती पानं इंडेक्समध्ये, म्हणजे गूगल ज्यातून सर्चचे निकाल देतं त्या यादीतच, नव्हती. जे पान इंडेक्समध्ये नाही त्याच्या रँकिंगची चर्चा काय करायची!

या रिपोर्टमधले दोन शेरे सारखेच वाटतात, पण नाहीत. ‘डिस्कव्हर्ड’ म्हणजे पत्ता कळलाय, पण गूगलबॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) अजून आलेला नाही. ‘क्रॉल्ड’ म्हणजे तो येऊन पान वाचून गेला आणि तरी इंडेक्समध्ये घेतलं नाही. पहिल्या गटातल्या पानांना मी जुन्या, चालत्या लेखांमधून लिंक दिल्या. बरीच मार्गी लागली. दुसऱ्या गटात बहुतेक टॅगची पानं होती, आत चार ओळीही नाहीत. त्यांना नोइंडेक्स, म्हणजे ‘हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका’ अशी खूण, लावून मोकळा झालो. (नोइंडेक्स लावलेलं पान रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये, म्हणजे बॉटने कुठे जायचं नाही ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, अडवायचं नाही. बॉटला पान उघडताच आलं नाही तर तो नोइंडेक्स वाचणार कुठून?)

खरा खजिना मात्र परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये आहे. चेनच्या देखभालीवरच्या लेखाला इम्प्रेशन्स (सर्चमध्ये दिसण्याची संख्या) भरपूर आणि क्लिक नावाला. त्या पानाचा फिल्टर लावून क्वेरीज, म्हणजे लोकांनी सर्चमध्ये टाकलेले शब्द, पाहिल्या, तर निम्म्याहून जास्त लोक ‘चेन सारखी का उतरते’ हेच विचारत होते. उत्तर लेखात होतं, पण पार शेवटच्या परिच्छेदात. ते वर आणलं, टायटल त्या प्रश्नाभोवती लिहिलं, बाकी एका शब्दाला हात लावला नाही. काही आठवड्यांत क्लिक वाढले. मग उलटं करून पाहिलं: क्वेरी निवडायची आणि पेजेसचा टॅब उघडायचा. ब्रेकवरच्या एकाच प्रश्नाला माझेच दोन लेख आलटून पालटून येत होते. दोन्ही एकत्र केले आणि जुन्या पत्त्यावरून 301 रीडायरेक्ट (नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं) दिला.

सरासरी पोझिशनच्या आकड्याला फारसं महत्त्व देऊ नका. लेख नव्या क्वेरींसाठी साठाव्या-सत्तराव्या जागी दिसायला लागला की सरासरी घसरते, आणि त्याच महिन्यात क्लिक वाढलेले असतात. एकच क्वेरी निवडून पाहिलं तर तो आकडा काहीतरी सांगतो.

कोअर वेब व्हायटल्सचा, म्हणजे पान किती झटपट आणि नीट उघडतं त्याचा, रिपोर्ट ठीक. तो खऱ्या वापरकर्त्यांच्या मागच्या 28 दिवसांच्या आकड्यांवर चालतो, त्यामुळे आज इमेज हलकी केली म्हणून उद्या तक्ता हिरवा होत नाही. एलसीपी (पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) 2.5 सेकंदांच्या आत आला की मी तिथे थांबतो. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, एकदाच द्यायचा. त्यातल्या प्रायॉरिटीच्या आकड्याकडे गूगल बघतही नाही, पान शेवटचं बदलल्याची तारीख मात्र खरी हवी. ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’चं बटण वारंवार दाबून पान लवकर घेतलं जात नाही.

मर्यादा आहेतच. तक्त्यात 1000 ओळींपुढे काही दिसत नाही, फार थोड्या लोकांनी केलेल्या क्वेरी गोपनीयतेसाठी लपवल्या जातात, म्हणून बेरीज एकूण क्लिकशी जुळत नाही. डेटा 16 महिन्यांचाच राहतो. मागच्या वर्षांशी तुलना करायची असेल तर दर महिन्याला एक्सपोर्ट करून ठेवा. स्पर्धकांचं काहीच कळत नाही. पैसे मोजायचेच असतील तर तेवढ्यासाठी मोजा, आणि तेही क्वेरींची यादी उपसून झाल्यावर.

जोडताना डोमेन प्रॉपर्टीच घ्या. डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगमध्ये) मालकी पटवणारी एक ओळ, म्हणजे टीएक्सटी रेकॉर्ड, टाकायची कटकट आहे, पण सगळी सबडोमेन एकाच ठिकाणी दिसतात. बिंगचं वेबमास्टर टूल्सही यातूनच इम्पोर्ट करता येतं, वेगळं व्हेरिफिकेशन लागत नाही.